स्किनचे रेसिडेंट कुठून येतात

डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट-पीजीचा निकाल लागतो, पसंतीक्रम भरायची वेळ येते, तेव्हा 'स्किन'बद्दल, म्हणजे त्वचारोगाच्या शाखेबद्दल, सगळ्यांचं एकच मत असतं. रात्रीचे कॉल नाहीत, कुणी दगावत नाही, पुढे स्वतःचा दवाखाना टाकला की पैसा बरा, आणि मुलींसाठी तर उत्तमच. वरच्या रँकवाले रेडिओलॉजी, मेडिसिन आणि स्किन याच ब्रँचेस आधी उचलतात. त्यामुळे स्किन घेणारा प्रत्येक जण हा हिशेब मांडूनच आलाय असं बाकीचे धरून चालतात. मी पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजात त्वचारोगाची एमडी केली. त्या तीन वर्षांत ज्यांच्या शेजारी बसून पेशंट पाहिले, ज्यांच्याबरोबर वॉर्डात रात्री काढल्या, त्यांना मी जवळून ओळखते. सोय कुणाला नको असते? पण तेवढ्या एका हिशेबाने त्यांच्यातला एकही माणूस मला समजला नसता.

मला दिसलं ते असं. तुम्ही कुठल्या घरातून, कुठल्या नोकरीतून या ओपीडीत येता, त्यावर पेशंटच्या अंगावर तुम्हाला आधी काय दिसणार ते ठरतं. दुसऱ्या वर्षापर्यंत पुस्तकं सगळ्यांची सारखीच वाचून होतात, पण ही आधीची नजर जात नाही. जाऊही नये.

पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटचं, म्हणजे एमडी शिकत पेशंट पाहणाऱ्या डॉक्टरचं, काम म्हणजे केस पेपर लिहिणं. जुन्नर, इंदापूर, वेल्हे, दौंड इथून पहिल्या एसटीने निघालेली माणसं सकाळीच रांगेत असतात. त्यांत भोसरी-चाकणच्या कंपन्यांतले कामगार, पेठांतल्या आज्या, होस्टेलवरची मुलं मिसळतात. काय होतंय, कधीपासून, खाज आहे का, घरात आणखी कुणाला आहे का. नायटा वाटला तर ब्लेडने खवले हलकेच खरवडून काचपट्टीवर घ्यायचे, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे शोधायचे. हे इतक्या वेळा करावं लागतं की पहिल्या पावसाळ्यातच हात बसतो.

माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसायचा तो चंद्रपूर जिल्ह्यातला. त्याचे वडील आरोग्य खात्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ होते. लहानपणी सुट्टीत तो त्यांच्या मागे सायकलवर बसून गावोगाव फिरायचा. वडील शाळेच्या ओसरीवर मुलांना उन्हाकडे पाठ करून उभं करायचे, सदरे काढायला लावायचे आणि फिकट चट्टा दिसतोय का ते बघायचे. दिसला तर कापसाची वात करून डोळे मिटलेल्या मुलाला विचारायचे, "कुठं लागतंय, बोट ठेव." हे त्याने एमबीबीएसला जाण्याच्या कितीतरी आधी पाहिलेलं.

एकदा इंदापूरकडचा एक ऊसतोड कामगार बोटाला भाजलं म्हणून आला. विडीचा चटका. ड्रेसिंग लिहून द्यायचं, एवढंच कुणालाही सुचलं असतं. याने विचारलं, "काका, विडी बोटापर्यंत आली तेव्हा चटका बसला नाही?" काका म्हणाले, "वास आला तेव्हा कळलं." तोवर याने त्यांची करंगळी बघितली होती, ती जराशी आत वळलेली होती. मग कोपराच्या मागे हात घालून नस चाचपली. जाड, बोटाखाली सरकणारी. पाठीवर एक मोठा, कडा पुसट असलेला चट्टा होता आणि त्यावर कापूस फिरवलेला काकांना कळत नव्हता. काका तोवर दोन ठिकाणी दाखवून आले होते, पण शर्ट कुणी काढायला लावला नव्हता.

कुष्ठरोगाचा जंतू हान्सेनने १८७३ मध्ये शोधला. बहुऔषधोपचार, म्हणजे आमच्या बोलण्यातली एमडीटी, १९८० च्या दशकात आली आणि हा आजार गोळ्यांनी बरा होऊ लागला. कमी जंतूंचा प्रकार असेल तर सहा महिने, जास्त जंतूंचा असेल तर बारा. गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण हा निकष देशाने २००५ च्या अखेरीस गाठल्याचं जाहीर झालं, आणि लोकांनी त्याचा अर्थ आजार संपला असा घेतला. डॉक्टरांनीसुद्धा. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. माझा मित्र यावर कधी चिडायचा नाही, प्रत्येक पेशंटची नस तेवढी चाचपायचा. मुरुम दाखवायला आलेल्या मुलाचीसुद्धा. पुढे पुढे आम्हीही तेच करू लागलो.

त्याने थिसिस रिअॅक्शनवर घेतला. उपचार चालू असताना, कधी संपल्यानंतरही, चट्टे अचानक लाल होऊन सुजतात, नस ठणकू लागते. औषध लागू पडत नाही असं समजून पेशंट गोळ्याच बंद करतो. खरं तर मेलेल्या जंतूंवरही शरीर उसळून उठतं, आणि तेव्हा वेळेत स्टेरॉइड सुरू झालं नाही तर हाताची ताकद कायमची जाते. म्हणून तो गोळ्यांचं पाकीट हातात देतानाच सांगायचा, "ठणका लागला तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी या." पाकिटातल्या क्लोफाझिमिन या औषधाने अंग काळपट होतं म्हणून एका मुलीने गोळ्या सोडायचं ठरवलं होतं. तिला त्याने समोर बसवून नीट सांगितलं की औषध थांबल्यावर काही महिन्यांत रंग हळूहळू परत येतो. तिच्या आईला भीती वेगळीच होती, लग्नाची. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं, ते २०१९ मध्ये काढून टाकलं, हेही त्याने आईला सांगितलं. मला तोवर हा कायदा बदललेला ठाऊक नव्हता. त्याच्या घरी मात्र त्यावर जेवताना बोलणं झालेलं.

रात्रीचे कॉल नाहीत म्हणतात त्यांनी आमचा वॉर्ड बघितलेला नाही. पेम्फिगसमध्ये अंगभर फोड येऊन फुटतात, तोंडात घास जात नाही. फिट्सच्या किंवा युरिक अॅसिडच्या गोळीची रिअॅक्शन येऊन कातडी सालासारखी सुटून येते, तो पेशंट तर दोन-चार दिवसांत हाताबाहेर जाऊ शकतो. अशा माणसाला चादर चिकटते, म्हणून स्वच्छ करून घेतलेल्या केळीच्या पानांवर निजवायचं. पानाचा गुळगुळीत थंडपणा त्याला सोसवतो आणि ड्रेसिंग बदलताना कातडी ओढली जात नाही. आमच्यातली एक जण सर्जरीची सीट वर्षभराने सोडून पुन्हा परीक्षा देऊन स्किनला आली होती. नाशिकच्या तिच्या घरी यावरून बरंच महाभारत झालं होतं. पण पहिल्या वर्षी वॉर्ड आम्हाला सुसह्य झाला तो तिच्यामुळे. शिरा न सापडणाऱ्या हातात सलाइन लावणं, न दुखवता ड्रेसिंग सोडवणं, कुठल्या क्षणी आयसीयूला फोन करायचा ते ओळखणं, हे सगळं तिने सर्जरीतून आणलेलं. तिची आवड पुढे कोडाच्या शस्त्रक्रियेकडे वळली. मांडीवर सिरिंजने ओढ देऊन फोड उठवायचा, त्याचं पातळ छत अलगद कापून पांढऱ्या डागावर बसवायचं. डाग किमान वर्षभर वाढलेला नसावा, ही अट ती कुणाच्याही घाईसाठी मोडत नसे. लग्न ठरलंय, लवकर करा, म्हणून येणाऱ्यांना ती आधी मुला-मुलीसकट बोलवायची आणि कोड संसर्गाने होत नाही हे त्या दोघांसमोर सांगायची.

फोटोवाल्याबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायचंय. तो परभणीचा, वडिलांचा फोटो स्टुडिओ. पासपोर्ट फोटो, लग्नं, मुंजी. शाळेत असल्यापासून त्याने लाइट धरलेले. आमच्याकडे शिकायला जे अॅटलस असतात त्यांतले बरेचसे फोटो गोऱ्या कातडीवरचे. तिथे सोरायसिसचा चट्टा लालभडक असतो. आमच्यासमोर येतो तो तपकिरी, जांभळट, कधी राखाडी. पहिल्या वर्षाला आम्ही सगळे पुस्तकातला लाल रंग पेशंटच्या अंगावर शोधत बसायचो. याचं म्हणणं होतं, "सावळ्या कातडीवर लाली नसते असं नाही, ती लाल दिसत नाही इतकंच." तो ट्यूबलाइट बंद करून पेशंटला खिडकीशी न्यायचा, आधी समोरून बघायचा, मग बाजूने तिरप्या उजेडात. तिरप्या उजेडात उठाव कळतो. सपाट वाटलेला डाग किंचित उंच आहे हे कळलं की निदानच बदलतं. वर बोट ठेवून तुलना करायचा, शेजारची निरोगी कातडी आणि ही, कुठे ऊब जास्त आहे. स्टुडिओत चेहऱ्यावर उजेड पाडायला शिकलेला मुलगा ओपीडीत हे करतोय, हे आमच्या मॅडमच्या लक्षात आलं आणि त्यांनी विभागाच्या फोटोंची सगळी जबाबदारी त्याच्यावर सोपवली.

त्याने नियम केले. एकच पार्श्वभूमी, ठरलेलं अंतर, तेच भिंग, दर फॉलोअपला तीच बाजू. आधी लेखी संमती. फोटो कुणाच्या मोबाइलवर राहणार नाहीत, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर जाणार नाहीत. दुर्मिळ केस दिसली की ग्रुपवर टाकायची घाई सगळ्यांनाच असते, आणि तो तेव्हा सिनियरलाही अडवायचा. गावात फोटोग्राफरवर लोक विश्वासाने मुलीचे फोटो सोपवतात, तो विश्वास एकदा गेला की दुकान बंद, असं त्याचे वडील सांगत. डर्मोस्कोपी, म्हणजे प्रकाशाचं भिंग कातडीला लावून आतले रंग आणि रक्तवाहिन्यांचे आकार वाचणं, हा पुढे त्याचा खास विषय झाला. केस गळणाऱ्या बायकांची त्याच्याकडे रांग लागायची, कारण तो स्क्रीनवर त्यांना त्यांच्याच डोक्याचं चित्र दाखवून समजावायचा.

सदाशिव पेठेत वाढलेली मैत्रीण पहिल्याच दिवशी म्हणाली, "मला लेसर आणि कॉस्मेटिकच करायचंय." तिची आई याच शाखेची डॉक्टर, तिचं क्लिनिक ती पुढे चालवणार होती. यावरून मागे बोलणारे होते. तिची आवड कमी दर्जाची आहे, खरी डॉक्टरकी कुष्ठरोगात आणि वॉर्डात, असा सूर. मला तो तेव्हाही पटला नाही, आता तर मुळीच पटत नाही. चेहऱ्यावर खड्डे पडलेला वीस वर्षांचा मुलगा मुलाखतीला जायचं टाळतो, हे दुखणं नाही तर काय?

आणि तिला जे ऐकू यायचं ते आम्हाला कधी आलं नसतं. चेहरा लाल, चुरचुरणारा, बारीक शिरा दिसणारा, उन्हात गेलं की भाजल्यासारखं होणारं, अशा मुली रोज यायच्या. आम्ही विचारायचो, "काही औषध लावता का?" उत्तर ठरलेलं, "नाही." ती विचारायची, "पार्लरमध्ये काय लावतात? मैत्रिणीने कुठली ट्यूब दिली? पर्समध्ये आहे का?" आणि पर्समधून ट्यूब निघायची. मेडिकलमधून घेतलेली, स्टेरॉइड असलेली, दोन-दोन वर्षं रोज रात्री चोळलेली. क्रीमला मुली औषध समजतच नाहीत, हे तिला पुण्यातल्या मुलींबरोबर वाढल्यामुळे माहीत होतं. वांगावरची तिहेरी क्रीम, नायट्यावरची स्टेरॉइड-अँटिबायोटिक-बुरशीनाशक अशी मिसळण, दोन्ही बिनचिठ्ठीची मिळतात. स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्राने २०१८ मध्ये केला, तरी काउंटरवर फार फरक पडलेला नाही. या मिसळणींनी खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आत शांतपणे पसरत राहते. आज जो नायटा टर्बिनाफिन या बुरशीनाशकाला दाद देत नाही, ज्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालं, तिच्या फैलावाला याच ट्यूबांचा हात आहे असं आमच्या शाखेतले बहुतेक जण मानतात. आमची ही मैत्रीण शनिवारी कॉलेजांत जाऊन मुलींना ट्यूबमागची बारीक अक्षरं वाचायला शिकवायची. शेवटी कुठली अक्षरं दिसली की ट्यूब खाली ठेवायची ते सगळ्यांना पाठ व्हायचं: क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन.

ताईंचा विषय या सगळ्यांहून निराळा. त्या बीड जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रावर बरीच वर्षं वैद्यकीय अधिकारी होत्या, सेवेत असतानाच पीजीला आल्या. वर्गात आमच्याबरोबर, पण वयाने मोठ्या, एक मुलगी शाळेत जाणारी, म्हणून आम्ही ताईच म्हणायचो. आमच्या पदवीत त्वचारोगाबरोबर गुप्तरोग आणि कुष्ठरोगही येतात, आणि गुप्तरोगाच्या ओपीडीत बसायला नवे रेसिडेंट बिचकतात. या ओपीडीला आता सुरक्षा क्लिनिक म्हणतात. तिथे लक्षणांप्रमाणे औषधांचे रंगीत किट असतात, करडा, हिरवा, पांढरा, निळा, आणि आत समुपदेशक बसतात. पेशंट बाहेरच घुटमळतो. समोर बाई डॉक्टर दिसली की पुरुष म्हणतात, "सर नाहीत का?" ताई म्हणायच्या, "मीच आहे, बसा, पाणी घ्या." आणि मग शेवटचा संबंध कधी आला, कुणाशी, निरोध होता का, हे सगळं त्या ताप कधी आला हे विचारावं त्याच आवाजात विचारायच्या. आवाज खाली आणायच्या नाहीत. आपण कुजबुजलो की त्याला वाटतं आपण गुन्हा केलाय, असं त्यांचं म्हणणं.

तळहात-तळपायांवर न खाजणारे तांबूस डाग घेऊन एक ट्रकचालक आला तेव्हा आम्ही औषधाच्या अॅलर्जीचा विचार करत होतो. ताईंनी तळपाय बघितले आणि सरळ व्हीडीआरएल ही रक्ततपासणी पाठवली. सिफिलिस. पेनिसिलिनच्या इंजेक्शनने तो बरा झाला, पण ताईंचं लक्ष त्याच्या बायकोकडे होतं. ती गावी होती, पाच महिन्यांची गरोदर. न सांगता चालणार नव्हतं आणि त्याच्या तोंडून सांगितलं जाणं गरजेचं होतं. ताई त्याच्याशी कितीतरी वेळ बोलल्या. पुढच्या आठवड्यात तो तिला घेऊन आला. वेळेत उपचार मिळाले तर बाळाला आजार होण्यापासून वाचवता येतं, आणि हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगायला आरोग्य केंद्रावरची ती वर्षं कामी आली. खरजेच्या बाबतीतही तेच. आम्ही परमेथ्रिनचं मलम लिहून द्यायचो. ताई आधी विचारायच्या, "एका पांघरुणात किती जण झोपता?" मग तेवढ्या सगळ्यांना एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायला सांगायच्या. आश्रमशाळेतली खरूज एका मुलाला औषध देऊन जात नाही हे त्यांनी अनुभवलेलं.

शहरातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या क्लिनिकल मीटिंगला लष्करातले रेसिडेंट भेटायचे, काही वर्षं युनिटबरोबर राहून मग पीजीला आलेले. बर्फात सुजलेली बोटं, दिवसेंदिवस बूट न काढल्याने सडलेले तळवे यांवर ते बोलायला लागले की आम्ही वह्या काढायचो. त्यांच्याशी मैत्री जमेपर्यंत वर्षं संपली, ही रुखरुख मला राहिली आहे.

आता माझं. माझे वडील बारामती तालुक्यात गवंडीकाम करतात. त्यांच्या हातांना कायम भेगा. हिवाळ्यात त्यांतून रक्त यायचं. आई रात्री खोबरेल तेलात मेण वितळवून भेगांत भरायची. गवंड्याचे हात असेच असतात, असं आम्ही सगळे समजत होतो. बाबाही. दुसऱ्या वर्षी कॉन्टॅक्ट डर्मटायटिस, म्हणजे एखाद्या पदार्थाच्या स्पर्शाने होणारा इसब, वाचायला घेतलं आणि सिमेंटचं प्रकरण समोर आलं. ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं, त्याने कातडी नुसतीच भाजून कोरडी पडते, ते सुट्टी घेतली की बरं होतं. पण सिमेंटमध्ये क्रोमियमही असतं, सहा संयुजेचं, पाण्यात विरघळणारं. ते कातडीतून आत जातं आणि काहींना त्याची अॅलर्जी जडते. एकदा जडली की बहुतेकदा जात नाही. हात सुट्टीतही धुमसत राहतात, आणि चामडं कमवायलाही क्रोमियम वापरतात म्हणून चपलेखालीही पुरळ उठतं. बाबांच्या पावलांवर चपलेच्या पट्ट्याच्या जागी येणारे चट्टे मला तिथे पुस्तकावर बसल्या बसल्या आठवले. सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळलं तर हे क्रोमियम निरुपद्रवी होतं. डेन्मार्कने ते १९८० च्या दशकातच सुरू केलं आणि २००५ पासून युरोपात दहा लाखांत दोन भागांची मर्यादा आहे. हे वाचल्यावर मला रात्रभर झोप लागली नाही. इतकी साधी गोष्ट.

थिसिस मी त्यावरच घेतला, बांधकाम मजुरांच्या हातांचा इसब आणि पॅच टेस्ट. अॅलर्जी तपासायच्या भारतीय संचातल्या पदार्थांच्या छोट्या टिकल्या पाठीवर चिकटवायच्या, दोन दिवसांनी काढून बघायचं, चौथ्या दिवशी पुन्हा. तोवर पाठ भिजवायची नाही, घामही नको. मजुराला हे सांगणं म्हणजे चार दिवसांची मजुरी सोडायला सांगणं. गाइड म्हणाल्या, निम्मे परत येणार नाहीत, सोपा विषय घे. मी सकाळी मजूर अड्ड्यावर जाऊ लागले. मराठवाड्यातले, छत्तीसगडचे, बिहारचे लोक. मी त्यांना 'व्यवसाय काय' असं कधी विचारलं नाही. माल कोण कालवतं, गिलावा कोण करतं, कोबा कोण घोटतं, थापी कुठल्या हातात, असं विचारायचे. थापी उजव्या हातात असते आणि डावा हात मालात जातो, त्यामुळे कुठल्या बोटांवर आधी चिरा पडणार हे मला प्रश्नाआधीच दिसायचं. एक म्हातारा मिस्त्री म्हणाला, "बाई, तुम्ही कुणाच्या?" मी सांगितलं गवंड्याची. त्यानंतर त्या अड्ड्यावरचे लोक आपणहून येऊ लागले. पॅच आम्ही आठवड्याच्या पगाराच्या आणि सुट्टीच्या बेताने लावले, आणि चौथ्या दिवसाचं बघणं मी साइटवरच, पत्र्याच्या खोलीत टॉर्च लावून केलं. गाइड एकदा स्वतः वाघोलीच्या साइटवर आल्या.

दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबांना पॅच लावले. डायक्रोमेटची, म्हणजे क्रोमियमच्या टिकलीची, जागा लाल, उठावदार, वर बारीक फोड. त्यांना आरशात दाखवली आणि सगळं समजावलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मग आपल्या बिगाऱ्यांचं पण बघ की." तीन बिगारी लगेच बोलावून घेतले.

पॅच टेस्टच्या खोलीत पुण्याचा आणखी एक धागा हाती आला. गाजरगवताची भारतातली पहिली नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली, आणि आज पुरंदर-शिरूरचे शेतकरी पापण्या, मान, कोपरांच्या लवणी सुजवून येतात ते याच गवतामुळे. हवेतल्या त्याच्या धुळीची अॅलर्जी. मार्केट यार्डातला एक फूलविक्रेता असाच आला, शेतात पाऊल न टाकणारा. शेवंती त्याच कुळातली, तिच्यातली द्रव्यंही तशीच. सणासुदीला त्याचा चेहरा सुजून यायचा. त्याला धंदा बदला म्हणून सांगणं मला जमलं नाही. शेवंती भावाच्या टोपल्यांत, गुलाब-निशिगंध त्याच्याकडे, अशी वाटणी त्यांनी केली आणि अॅझाथायोप्रिन या औषधावर त्याचं बरं चाललंय.

परीक्षा झाली. लाँग केस, शॉर्ट केसेस, स्लाइड्स, तोंडी. मला लाँग केसला पेम्फिगस आला. चंद्रपूरवाला सरकारी सेवेच्या बाँडसाठी विदर्भातच गेला, वडिलांबरोबर काम केलेले काही आरोग्यसेवक अजून तिथे आहेत. ताई आपल्या जिल्ह्यात परतल्या, तिथे आता त्वचारोगतज्ज्ञ म्हणून. सदाशिव पेठेतली आईच्या क्लिनिकमध्ये बसते, आणि क्रीमने बिघडलेले चेहरे आम्ही तिच्याकडेच पाठवतो. नाशिकवाली कोडाच्या शस्त्रक्रियेची फेलोशिप करतेय. अडलेली केस असली की फोटोवाल्याला फोन जातो आणि तो आधी विचारतो, उजेड कुठून होता.

मी सिनियर रेसिडेंट म्हणून इथेच राहिले. यंदाच्या पहिल्या वर्षात रत्नागिरीकडची एक मुलगी आली आहे, घर मासेमारीचं. कोळंबी सोलणाऱ्या बायकांची बोटं सुजतात, खाजतात, मिठाने आणि बर्फाने फाटतात, त्यावर काम करायचंय म्हणते. मासे-कोळंबीतल्या प्रथिनांची हातांना अॅलर्जी होते, कातडीला हलकेच टोचून करायच्या प्रिक टेस्टने ती ओळखता येते, हे तिने आधीच वाचून ठेवलंय. सिनॉप्सिसच्या, म्हणजे थिसिसच्या आराखड्याच्या, मीटिंगमध्ये तिला विचारलं गेलं, पुण्यात इतके पेशंट कुठून आणणार? तिच्याकडे उत्तर नव्हतं, पण माघारही घेतली नाही. मी तिला म्हटलं, आधी गणेश पेठेतल्या मासळी बाजारात जाऊ, मग खडकीला, किती जणी सोलायला बसतात ते मोजू. रविवारी पहाटे निघायचं ठरलंय. मावशांशी बोलणं तीच करणार आहे.